पूल, लिंबू, घोडा, कंदील, शाल

माझ्या नवऱ्याला उभ्या नोकरीत एकही गोळी लागली नाही, हे सासूबाई अजून आल्यागेल्याला सांगतात. पोरगा फौजेत जसा गेला तसा परत आला, अंगावर साधा ओरखडा नाही. मी शेजारी असले तर मान हलवते. ओरखडा नाही हे खरंच आहे. पाहणाऱ्याला दिसेल असं त्याच्या अंगावर काहीच नाही, आणि आमच्या घरातली सगळी भीती तिथूनच सुरू होते.

लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते, समोर ‘तुमी’ म्हणते. मी मराठी शाळेत मास्तरीण आहे, तेलंगणाच्या आदिलाबाद भागात, गुडीहत्नूरच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या गावात. तेलुगू शिकवायला वेगळे सर आहेत, बाकी सगळं माझ्या गळ्यात. माझे वडील दुसऱ्यांच्या कापसात राबले आणि मला शिकवलं, म्हणून परीक्षा या गोष्टीवर माझी जरा जास्तच श्रद्धा. पेपरात जे उतरतं ते खरं, असं मी मानत आले. नवराही तसल्याच घरातला. मला डी.एड.नं वर काढलं, त्याला पलटणीनं.

फौजेतून परत आल्यावर त्यानं दोन नळ्यांची बंदूक घेतली, रीतसर परवाना काढला आणि गुडीहत्नूरला एका बँकेच्या दारात राखणदार म्हणून उभा राहिला. आमच्या भागात परतलेले पुष्कळ फौजी असेच कुठल्या ना कुठल्या दारात उभे असतात. सकाळी खाकी कपडे, खांद्यावर बंदूक आणि बस. संध्याकाळी घरी आला की आधी बंदूक बिजागरीत मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरायच्या, आत काही नाही हे डोळ्यांनी पाहायचं, काडतुसं कपाटाच्या लॉकरमध्ये, बंदूक लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप. मग चहा. हा क्रम इतका ठरलेला होता की त्या कुलपाच्या आवाजावर मी आधण ठेवत असे.

बिघाड नेमका कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. आधी उजेड त्रास द्यायला लागला. दुपारच्या उन्हानं डोकं ठणकतं म्हणून खिडक्यांना जाड पडदे आले, आणि सुट्टीच्या दिवशी घर भर बारा वाजता संध्याकाळ झाल्यासारखं दिसू लागलं. मग आवाज सहन होईनात. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन तो भांडून आला, आणि हा माणूस आयुष्यात कधी भांडला नव्हता. मग शब्द सुटायला लागले. हात पुढे करून ‘ते दे, ते दे’ म्हणायचा, आणि किल्ली हा साधा शब्द त्याच्या तोंडात येईना. हातात चहाचा कप धरून चहा मागायचा.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. सासूबाईंना दृष्ट वाटली. त्यांचं बुद्धविहारात जाणंही पक्कं आणि दृष्टीचं मीठही पक्कं, त्यात त्यांना काही अडचण वाटत नाही. गल्लीचं म्हणणं, फौजी लोक असेच राह्यतात. बायको पगारी असली की नवऱ्याचं डोकं दुखतंच, असंही एक जण माझ्या तोंडावर बोलला. मी त्याला त्याच्या पोराचे गणितातले मार्क सांगितले, तेव्हा गप्प बसला. घरी सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं की यातलं बाहेर काही जाऊ द्यायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकून झाकून माझी बोटं आखडली होती.

मग एका सकाळी मी तुरीच्या डाळीचा डबा उघडला. डाळीत दोन लाल काडतुसं होती. रुतवलेली नव्हती, लपवलेलीही नव्हती. कोणी चमचा ठेवावा तशी वर ठेवलेली. मी डबा तसाच उचलून त्याच्यासमोर नेला आणि हे इथं कसं आलं म्हणून विचारलं. तो दाढी करत होता. त्यानं डब्यात पाहिलं, काडतुसं काढून अंगठ्यानं पुसली.

“मी काऊन ठेवीन तिथं?” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, “तू माझ्या वस्तू हलवून राह्यली का?”

आवाज चढवला असता तर मी भांडले असते. त्या हळू आवाजापुढे मी डब्याचं झाकण लावून तो परत फळीवर ठेवला. त्या दिवसापासून घरात जे हरवेल ते मी हलवलेलं असायचं. चष्मा, मोबाइल, बसचा पास. पेटीची किल्ली तो माझ्यापासून लपवून ठेवायला लागला, आणि लपवलेली जागा विसरला की माझ्याकडेच पाहत बसायचा. रागानं नाही. पहाऱ्यावरचा माणूस अंधाराकडे पाहतो तसं. त्या नजरेची मला भीती वाटायची, हे मी आज सरळ लिहिते. बंदूक आणि ती नजर एकाच छपराखाली होती.

ज्या दिवसाबद्दल सगळे विचारतात तो दिवस त्यानं मला एकदाच सांगितला होता, तोही हसत. डोंगरातला रस्ता, पुढची गाडी सुरुंगावर उडाली, हा मागच्या गाडीत. त्यानंतर तो रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि गाडीतून कसा उतरला ते त्याला आठवत नव्हतं. कानात शिट्टी वाजत होती. डोक्यावरचं हेल्मेट शाबूत होतं. पुढच्या गाडीतली माणसं गेलेली असताना मागच्या गाडीतल्यानं डोकं दुखतं म्हणून काय सांगायचं? दोन दिवस पडून राहिला आणि कामाला लागला. खरं तर त्यानं सांगितलेलं एवढंच, हसू सोडून.

पहिलं शिबिर आदिलाबादला एका फंक्शन हॉलमध्ये होतं. माजी सैनिकांची तपासणी, सगळ्यांची. हैदराबादहून मेंदूच्या एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या, आणि ज्यांच्या जवळपास कधी स्फोट झाला त्यांना त्या वेगळं बोलावत होत्या. नवऱ्यासोबत नेरडीगोंड्याकडचे एक भाऊजी होते. एकाच पलटणीतले, एकाच वर्षी परतलेले, तेही कापसाच्या एका जिनिंग मिलच्या फाटकावर बंदूक घेऊन उभे असतात. बायकांना आत बोलावत नव्हते, म्हणून मी बाकाच्या शेवटच्या टोकाला बसले. बंदुका आत न्यायच्या नव्हत्या. ड्युटीवरून परस्पर आलेल्यांनी त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, छत्र्या ठेवतात तशा, आणि बाकावरचे आळीपाळीनं लक्ष ठेवत होते.

भाऊजी आधी आत गेले. बाहेर आले ते बाकाशी वाकून काहीतरी पुटपुटले, आणि तंबाखूची चिमूट फिरावी तसं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत आलं. माझ्यापर्यंतही पोचलं. पूल, लिंबू, घोडा, कंदील, शाल. मॅडम हे पाच शब्द सांगतात, मध्ये उलटे आकडे म्हणायला लावतात, आणि मग शब्द परत विचारतात. मॅडम तेलुगू, पण महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या लोकांसाठी मराठी शब्द मुद्दाम शिकून आल्या होत्या, ‘घोडा’ म्हणताना अडखळत होत्या म्हणे. त्यांनी एवढी मेहनत घेतली आणि या लोकांनी त्याची अशी वाट लावली. माझा नवरा आत गेला, पाचही शब्द खणखणीत म्हणून आला. डोकेदुखी नाही, झोप उत्तम, सब ठीक मॅडम. त्याला बरा ठरवून सोडला.

परतीच्या जीपमध्ये मी भाऊजींना धरलं. शाळेत कॉपी करणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करते, यांना कुठं उभं करू, असं बरंच काही बोलले.

“वहिनी, दौडीत एक जण मागं राह्यला की सगळ्यांची दौड वाया जाते,” ते म्हणाले. “आमी कोणाला मागं ठेवत नाही.”

नवरा खिडकीकडे बसून आनंदात होता. वाटेत जिलबी घेतली. त्या दिवशी तो इतका हलका दिसत होता की माझा राग मला पुढे रेटता येईना, पण माझी जिलबी मी पुड्यातच ठेवली. फौजेत जो तपासणीत मागं पडतो त्याची बढती अडते, हातातलं काम जातं, म्हणून हे लोक आयुष्यभर एकमेकांना तपासणीतून ओढून काढत आले. तिथं ते बरोबरही असेल. इथं मात्र दौड संपली होती आणि त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

हिवाळाभर ते पाच शब्द आमच्या घरात फिरत राहिले. दाढी करताना, बुटांना पॉलिश करताना, तो ते ओठांतल्या ओठांत म्हणायचा. डोकं जाग्यावर आहे की नाही हे तो त्यावरून तपासत असावा. पाचही जमले की चेहरा उजळायचा. त्याच हिवाळ्यात बंदुकीच्या नळ्या उजेडाकडे धरायचं तो मधूनमधून विसरायला लागला. कुलपाचा आवाज यायचा, मी आधण ठेवायची, आणि मग मनात यायचं की आज त्यानं आत पाहिलं का. तो अंघोळीला गेला की मी पेटीच्या कुलपाला कान लावून बसायची, जणू कुलूपच मला सांगणार होतं.

एके दिवशी भाऊजींचा फोन आला. शाळेची मधली सुट्टी होती. ते आधी इकडचं तिकडचं बोलले, मग सांगितलं की नवरा बसमधून गुडीहत्नूरला उतरलाच नाही, थेट नेरडीगोंड्यापर्यंत आला. स्टँडवर बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. भाऊजींनी हाक मारली तेव्हा त्यानं विचारलं, गाडी कधी सुटणार. कोणती गाडी, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्यांनी त्याला चहा पाजला, परतीच्या बसमध्ये बसवलं, बँकेत फोन करून पोट बिघडल्याचं कळवलं. म्हणजे पुन्हा ओढून काढलं. पण या वेळी त्यांचा आवाज घट्ट नव्हता.

“वहिनी, माहं काळीज हललं. शब्द मीच देल्ले होते. त्याले पुन्ना मॅडमकडं न्या.”

मॅडम पुन्हा आल्या त्या दिवशी नवऱ्याची ड्युटी दुपारची होती. बंदूक घरी ठेवा म्हणून मी सकाळपासून मागे लागले, पण परस्पर ड्युटीवर जायचं होतं, आणि हत्यार घरी टाकून फौजी बाहेर कसा पडेल. आदिलाबादपर्यंत ती त्याच्या खांद्यावर होती. बसच्या प्रत्येक हिसक्याला तिचा दस्ता माझ्या गुडघ्याला लागत होता. हॉलच्या बाहेर भाऊजी येऊन बसलेच होते. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली आणि आम्ही आत गेलो. या वेळी मी दाराशी अडून बसले होते, बायकोला सोबत घ्या नाहीतर तपासू नका. मॅडमनी मला खुर्ची दिली.

त्यांनी शब्द बदलले होते. वीट, चमचा, मोर, पाऊस, टोपी. नवऱ्यानं ऐकून लगेच म्हणून दाखवले, नीट. मग उलटे आकडे झाले, थोडा अडखळला. मग घड्याळ काढायला लावलं, काटे ओढताना त्याच्या कानशिलावर घाम आला. मग मॅडमनी विचारलं, मघाचे शब्द सांगा.

तो ताठ बसला. “पूल, लिंबू, घोडा, कंदील, शाल,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून हसला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्या शाळेतल्या पोरांनी आजवर कितीतरी चुकीची उत्तरं दिली असतील. इतकं बरोबर म्हटलेलं चुकीचं उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्या सावकाश विचारत गेल्या. स्फोट किती झाले? एकच, तो म्हणाला. फौजेत काम काय होतं? मॉर्टरवर होतो. म्हणजे जमिनीवर रोवलेल्या नळीत वरून गोळा सोडायचा, डोकं खाली घ्यायचं, आणि तो कानाशी सुटायचा. सरावाला दिवसचे दिवस, वर्षानुवर्षं. सुटताना डोक्यात काही व्हायचं का? व्हायचं, दात हलायचे, संध्याकाळी उलट्या व्हायच्या, सगळ्यांनाच. मग ते मघाशी का नाही सांगितलं, असं मॅडमनी विचारलं तर त्याला प्रश्नच कळेना.

“ते गोळे आपलेच होते ना, मॅडम,” तो म्हणाला.

मॅडमनी मला नंतर सांगितलं की डोक्याला बसलेल्या अशा माराला कागदावर सौम्य म्हणतात. सौम्य. आमच्या शाळेच्या पुस्तकात हा शब्द चांदण्यासाठी येतो. मी चिडले, तेव्हा त्या म्हणाल्या की तो शब्द फक्त मार बसला त्या दिवसापुरता असतो, माणूस किती वेळ बेशुद्ध होता त्यावरून लावलेला. पुढच्या आयुष्याबद्दल तो काहीच सांगत नाही. स्कॅनमध्येही बहुतेकदा काही दिसत नाही, विचारून विचारूनच कळतं. आणि शिवाय, त्या म्हणाल्या, इतकं विसरणं नुसत्या सौम्य मारात बसत नाही. झोप, मन, की आत आणखी काही सुरू झालंय, ते हैदराबादला नेऊनच कळेल. त्या ‘आणखी काही’बद्दल मी पुढं विचारलं नाही.

पण त्याआधी, तो समोर असतानाच, त्यांनी एक शेवटचा प्रश्न विचारला. तुमच्याकडे बंदूक आहे ना, ती आत्ता कुठं आहे?

“घरी. पेटीत, कुलूप लावून,” तो लगेच म्हणाला. “बिना कुलपाची मी ठेवतच नाही.”

मी उठून बाहेर आले. भिंतीला तीनचार बंदुका टेकवलेल्या होत्या. आमची भाऊजींच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये होती. त्यांनी मूठ उघडून दाखवली, तिच्यात नळ्यांतून काढलेली दोन लाल काडतुसं होती. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या, म्हणजे घरापासून, बसमधून, माझ्या गुडघ्याला लागत होती तेव्हाही. मी तिथंच बाकावर टेकले. शेजारच्या एका खाकीतल्या माणसानं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “ताई, आज कोणते शब्द हायेत?” त्याच्या मागचे दोघं कान देऊन होते. त्यांच्याही बंदुका भिंतीला होत्या. मी त्याला काहीही सांगितलं नाही, आणि तो माझ्यावर नाराज झाला.

बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, असं मॅडमनी लिहून दिलं. मला वाटलं आता आकांत होणार. पण भाऊजींनी ते सोपं केलं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फक्त एवढंच म्हटलं, चला, कोतमध्ये जमा करू. पलटणीत संध्याकाळी हत्यारं ज्या खोलीत जमा होतात तिला कोत म्हणतात, आणि तिथं जमा करण्यात कोणाला कमीपणा नसतो. तो मुकाट चालत आला. ठाण्यात त्यानं बंदूक मोडली, दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या, आत काही नाही हे पाहिलं, आणि हवालदाराच्या हातात दिली. सही केली. टाचा जुळवल्या. त्या दिवशी त्याचा एकही क्रम चुकला नाही.

हैदराबादची तारीख मिळाली आहे, ती अजून यायची आहे. तो आता घरी असतो. रोज नाही, पण डोकं ठणकून उतरलं की संध्याकाळी पेटीपाशी जातो, झाकण उघडतो, रिकाम्या पेटीत पाहत राहतो. मग माझ्याकडे वळतो. आवाज तोच, हळू.

“माहं हत्यार कुठाय?”

सुरुवातीला मी खरं सांगायची. तुमीच जमा केलं, सही केली, भाऊजी सोबत होते. त्याचा चेहरा पांढरा पडायचा. त्याला त्यातलं काही आठवायचं नाही, आणि हत्यार कुठं गेलं हे फौजीला आठवू नये, याहून मोठी शरम त्याला ठाऊक नाही. मग तो रात्रीपर्यंत घर उलथंपालथं करायचा, डाळीचे डबेसुद्धा. सासूबाई कोपऱ्यात बसून पदर तोंडाला लावायच्या.

आता मी वेगळं सांगते.

“मी ठेवलं,” मी म्हणते. “मीच हलवलं. सांगणार नाही कुठं.”

तो पाहतो. ती जुनी नजर माझ्यावर येऊन थांबते, आणि मी पोळपाटावरून हात काढत नाही, पण माझे कान त्याच्या पावलांवर असतात. मग त्याचे खांदे खाली येतात. हत्यार हरवलेला फौजी होण्यापेक्षा लबाड बायकोचा नवरा होणं त्याला सोपं जातं. “मला माहीत होतं,” तो म्हणतो, पेटीला कुलूप लावतो, आणि मी चहाचं आधण ठेवते.